ओशुनच्या देवराईत पाहुण्याने काय पाहावे, हे यजमानांना ठरवू द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नायजेरिया, ब्राझील आणि क्युबा या देशांतील योरुबा देवस्थानांविषयी एक प्रवासलेख आला आणि त्याच पानावर खाली एका सहल कंपनीची ‘आध्यात्मिक यात्रे’ची जाहिरातही होती. या विषयावर मराठीत सहसा काही छापून येत नाही, त्यामुळे लेखाला जागा दिल्याबद्दल आधी आपले आभार मानते. मात्र त्या पानावरचे काही मजकूर मला फार खटकले. लेखात या धर्माचा उल्लेख पुन्हा पुन्हा ‘काळी जादू’ असा झाला आहे. दीक्षेच्या काळातल्या, डोके झाकून, मान खाली घालून बसलेल्या एका मुलीचे छायाचित्र कसल्याही खुलाशाशिवाय छापले आहे. आणि जाहिरातीत विमानतळावरून ने-आण, नाश्ता, स्थलदर्शन यांच्याच ओळीत ‘पारंपरिक पुजाऱ्याकडून दीक्षा’ ही एक सोय म्हणून दिली आहे. या परंपरेत बाहेरच्या माणसाला काय दाखवायचे, काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देवघराचा आणि तिथल्या पुजारिणींचा आहे; प्रवास विकणाऱ्यांनी आणि प्रवासाविषयी लिहिणाऱ्यांनी तो मानला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते का, हे थोडे विस्ताराने मांडते.

नैऋत्य नायजेरिया आणि त्याला लागून असलेला बेनिनचा भाग ही योरुबा लोकांची मूळ भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचे साम्राज्य कोसळले, गावेच्या गावे लढायांत सापडली आणि पकडलेली माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे विकली गेली. ब्राझीलच्या बाईया प्रांतात त्यांना नागो म्हणत आणि क्युबात लुकुमी. क्युबातली गुलामगिरी १८८६ मध्ये संपली आणि ब्राझीलमधली १८८८ मध्ये. अंगावरचे वस्त्रही ज्यांच्या मालकीचे नव्हते अशा या माणसांनी देवांची नावे, त्यांची गाणी, ढोलांचे ठेके आणि औषधी पानांची ओळख केवळ स्मरणात जपली आणि त्यातून ब्राझीलमध्ये कांदोम्ब्ले आणि क्युबात रेग्ला दे ओचा, म्हणजेच जगाला सांतेरिया या नावाने ठाऊक असलेला धर्म, उभा राहिला. त्यांच्या देवतांना ओरिशा म्हणतात. लोखंडाचा आणि वाटांचा देव ओगुन, मेघगर्जनेचा शांगो, समुद्राची येमोजा, गोड्या पाण्याची आणि अपत्यदानाची ओशुन अशी ती मोठी देवमंडळी आहे. हवानाच्या बंदरापलीकडे रेग्ला येथे काळ्या मेरीसमोर हात जोडणारा माणूस पुष्कळदा येमोजापुढे हात जोडत असतो आणि संत बार्बराच्या लाल वस्त्रात तो शांगोला पाहत असतो.

गोव्यातील वाचकांना हे समजायला फार वेळ लागणार नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या धाकाने सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवावी लागली, तीच सत्ता बाईयावरही होती. फरक इतकाच की बाईयातल्या गुलामांना आपला देव उचलून न्यायला दुसरा काठच नव्हता. म्हणून त्यांच्या पूजेत झाकून ठेवणे आले. बाहेरच्या लेखकाला जे ‘गूढ’ आणि ‘भीतिदायक’ वाटते, त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची जपणूक आहे.

मी लागोसमध्ये एका शाळेत बरीच वर्षे शिकवत होते. माझ्या एक सहकारी शिक्षिका योरुबा होत्या. स्वतः नेमाने चर्चला जाणाऱ्या, परंतु त्यांची आजी ओशुनची भक्त होती. त्यांच्याबरोबर इबादानमार्गे ओशोग्बो या ओशुन नदीकाठच्या शहरात जाऊन मी देवीचा ऑगस्टमधला उत्सव पाहिला. नदीकाठी सुमारे ७५ हेक्टरांवर पसरलेली ती देवराई शहराला अगदी चिकटून आहे, तरी आत शिरल्यावर शहराचा आवाज थांबतो. तिथली आख्यायिका अशी की पाण्याच्या शोधात आलेल्या लारोये आणि तिमेहिन यांच्या माणसांनी काठावर झाड तोडले, ते नदीत कोसळले आणि आतून देवीचा रागावलेला आवाज आला की माझे निळीचे सगळे माठ तुम्ही फोडलेत. मग तडजोड झाली. लोकांनी वस्ती काठापासून मागे न्यायची, देवीची राई राखायची आणि दरवर्षी तिची पूजा करायची. देवीने नगर राखायचे. आजही तिथल्या नदीतला मासा कोणी धरत नाही. बारा दिवसांचा उत्सव म्हणजे त्या शब्दाची दरवर्षी दिली जाणारी आठवण आहे.

त्या उत्सवातला एक प्रसंग मुद्दाम सांगते. ओशोग्बोच्या राजाच्या, म्हणजे आताओजाच्या, घराण्यातील एक अविवाहित मुलगी पूजेचे साहित्य भरलेला मोठा भोपळा डोक्यावर घेऊन वाड्यापासून नदीपर्यंत चालत जाते. तिला अरुग्बा म्हणतात. भोपळ्यावर रंगीत वस्त्रांचा इतका मोठा आडोसा असतो की खालची मुलगी धड दिसत नाही. दोन्ही बाजूंनी बायका आणि पुरुष तिला सांभाळून नेत असतात, कारण तिला ठेच लागणे हे सगळ्या नगराला अशुभ मानतात. रस्त्याच्या कडेला मोबाइल कंपन्यांचे प्रचंड फलक होते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते, ब्राझीलहून आणि अमेरिकेहून आलेले भक्त पांढऱ्या कपड्यांत उभे होते, मुले फांद्या घेऊन एकमेकांना झोडपत पळत होती. अरुग्बा जवळून जाताना माझ्या शेजारच्या बाईने दोन्ही तळहात स्वतःच्या डोक्यावरून ओवाळले आणि पुटपुटत काही मागितले. ही सगळी गर्दी, हे सगळे कॅमेरे मंदिराच्या दारापर्यंत पोहोचले आणि तिथे थांबले. अरुग्बा आत गेली. आत काय झाले ते आम्हाला कोणालाही दिसले नाही आणि ते दिसावे अशी अपेक्षाही तिथल्या एकाही माणसाची नव्हती. बाहेर हजारो माणसांना मुक्तद्वार आणि आत चार पुजारिणींखेरीज कोणी नाही, ही व्यवस्था त्या लोकांनी स्वतः केलेली आहे आणि ती उत्तम चालते.

पर्यटनाने तिथे काही भले केले नाही असे मी म्हणत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही देवराई जवळजवळ संपली होती. झाडे तोडली जात होती, देवळे पडली होती, जुन्या मूर्ती चोरीला जात होत्या आणि नव्या धर्मांत गेलेल्या माणसांना तिची लाज वाटत होती. १९५० मध्ये नायजेरियात आलेल्या सुझान वेंगर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीने योरुबा दीक्षा घेतली, ओशोग्बोतच घर केले आणि आदेबिसी आकांजी यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांना बरोबर घेऊन माती आणि सिमेंटच्या अजस्र मूर्ती, भिंती आणि दरवाजे त्या राईत उभारले. ज्या झाडाजवळ मूर्ती उभी राहिली, त्या झाडाला हात लावायला लाकूडतोड्या धजत नसे. १९६५ मध्ये देवराईला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पुढे तो पूर्ण क्षेत्राला लागू झाला आणि २००५ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. वेंगर २००९ मध्ये ओशोग्बोतच वारल्या. त्या बाहेरून आल्या होत्या, परंतु त्यांनी आधी तिथल्या पुजाऱ्यांचे शिष्यत्व पत्करले आणि मग हाताला माती लावली; परदेशी माणसाने या परंपरेत कसे यावे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्याच नदीची अवस्था पाहा. वरच्या अंगाला इलेशाच्या परिसरात सोन्यासाठी बेसुमार खोदकाम चालू आहे आणि त्याची माती आणि रसायने नदीत उतरतात. मी पाहिली तेव्हा ओशुन हिरवट आणि संथ होती. अलीकडच्या वर्षांतील छायाचित्रांत तिचा रंग चहासारखा गढूळ दिसतो. २०२२ च्या उत्सवाच्या सुमारास ओशुन राज्याच्या सरकारलाच लोकांना सांगावे लागले की नदीचे पाणी पिऊ नका. ज्या स्त्रिया मूल व्हावे म्हणून देवीला नवस बोलतात आणि तिचे पाणी प्लास्टिकच्या डब्यांतून घरी नेऊन महिनोन्‌महिने पुरवून पितात, त्यांना हे सांगितले गेले. त्यांच्यापैकी अनेकींनी तरीही ते पाणी प्यायले, कारण त्यांच्या दृष्टीने देवी विषारी होऊ शकत नाही. मला या गोष्टीचा अतिशय त्रास होतो. उत्सवासाठी पाहुणे बोलवायचे, प्रायोजक गोळा करायचे, माहितीपत्रकावर नदी छापायची आणि त्या नदीला सोन्याच्या खाणींपासून वाचवायची वेळ आली की पुजारिणींचे कोणी ऐकायचे नाही, असे जिथे होते तिथे देवस्थानाला स्वतःच्या अंगणाविषयीही बोलण्याचा अधिकार उरलेला नसतो. आपल्या लेखात नदीचे वर्णन ‘स्फटिकासारखे पाणी’ असे आहे. लेखकाने ते जुन्या माहितीपत्रकावरून घेतले असावे.

ब्राझीलविषयी लिहिताना मला वृत्तपत्रांचाच विषय काढावा लागेल आणि तो काढल्याबद्दल आपण राग मानू नये. साल्वादोर शहरात कांदोम्ब्लेच्या मंदिरांना, त्यांना तेरेइरो म्हणतात, १९७६ पर्यंत आपल्या विधींसाठी पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा लागे. त्याच काळात पर्यटनाच्या पत्रकांवर पांढऱ्या घेरदार घागऱ्यातल्या पुजारिणी झळकत होत्या. म्हणजे जिचे चित्र दाखवून पाहुणे आणायचे, तिनेच घरात ढोल वाजवायचा तर पोलीस चौकीवर जायचे. त्याहून आधीची एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. १९५१ मध्ये ‘ओ क्रुझेइरो’ या ब्राझीलच्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या सचित्र साप्ताहिकाने दीक्षाविधीची छायाचित्रे पानेच्या पाने भरून छापली. मुंडन केलेल्या, अंगावर बळीचे रक्त असलेल्या मुलींची ती छायाचित्रे होती आणि मथळा रक्तपिपासू देवांच्या नवऱ्या अशा अर्थाचा होता. एका फ्रेंच साप्ताहिकात त्याआधी असेच काही आले होते आणि त्याच्याशी चढाओढ म्हणून हे केले गेले. छायाचित्रे कलेच्या दृष्टीने उत्तम होती असे जाणकार म्हणतात. परंतु ज्या घराने तो दरवाजा उघडला त्याला आपल्याच लोकांत दोषी ठरावे लागले, आणि ज्या मुलींचे चेहरे देशभर गेले त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

याचा विचार तिथल्या पुजारिणींनी किती खोलवर केला होता हे १९८३ मध्ये दिसले. ओरिशा परंपरेची जागतिक परिषद त्या वर्षी साल्वादोरला भरली होती. त्या वेळी गांत्वा मंदिराच्या वयोवृद्ध मैंय (म्हणजे आई, प्रमुख पुजारिणीला असेच म्हणतात) मेनिनिन्या, ओपो आफोंझा मंदिराच्या मैंय स्टेला आणि इतर तीन मोठ्या घरांच्या प्रमुख स्त्रिया अशा पाच जणींनी एक जाहीर निवेदन काढले. आमचा धर्म हा स्वतंत्र धर्म आहे. त्याला लोककला, आदिम पंथ किंवा कॅथलिक संतांची नक्कल समजू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आणि भिंतींवर ‘सैतानाचे काम’ असे लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी आणखी कोणाला दोष दिला असेल, तर तो पर्यटनाच्या जाहिरातींना आणि वर्तमानपत्रांच्या लोककलेच्या सदरात मंदिरांचे पत्ते छापणाऱ्यांना. ज्यांच्या देवघराचा पत्ता छापला जातो त्या बाईंना काय वाटते, हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलेले असताना आपण ते वाचल्याशिवाय लिहू नये. याच सुमारास, १९८४ मध्ये, साल्वादोरच्या कासा ब्रांका या जुन्या तेरेइरोला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळाले. कृष्णवर्णीयांच्या एखाद्या देवस्थानाला ब्राझीलमध्ये मिळालेला असा तो पहिला मान होता.

‘काळी जादू’ या शब्दांवर मी इतकी अडून का बसते, त्याचे कारण एका मृत्यूत आहे. साल्वादोरच्या इतापुआँ भागातील पुजारीण मैंय जिल्दा यांचे छायाचित्र १९९९ मध्ये एका ख्रिस्ती पंथाच्या वृत्तपत्राने लोकांना लुबाडणाऱ्या जादूटोणावाल्यांविषयीच्या मजकुराबरोबर छापले. छायाचित्र भलत्याच प्रसंगाचे होते. त्यानंतर त्यांच्या घरावर आणि मंदिरावर माणसे चालून आली, त्यांची प्रकृती ढासळली आणि २१ जानेवारी २००० रोजी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुलीने न्यायालयात लढून नुकसानभरपाईचा निकाल मिळवला आणि २००७ च्या कायद्याने २१ जानेवारी हा दिवस ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस ठरला. आजही रिओ आणि बाईयात मंदिरे जाळली जातात, पांढरे कपडे घातलेल्या मुलींवर दगड येतात. नायजेरियातही सगळे आलबेल नाही. इलोरिन शहरात २०२३ मध्ये धमक्यांमुळे एका पुजारिणीला आपला उत्सव रद्द करावा लागला. ज्या शब्दांनी तिकडे माणसे अंगावर धावून जातात तेच शब्द इथे पुण्यात बसून चमचमीत मथळ्यासाठी वापरणे मला योग्य वाटत नाही.

बळीविषयीही थोडक्यात लिहिते, कारण लेखात त्यावरच अर्धा रकाना खर्च झाला आहे. काही विधींत कोंबडा, बकरा यांचा बळी दिला जातो आणि बहुतेक वेळा ते मांस शिजवून सगळ्यांना वाढले जाते. ज्यांना ते मान्य नाही त्यांचे मत मला समजते. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये आणि ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या प्रथेला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण दिले आहे, हे सांगितल्याशिवाय ‘रक्तरंजित पंथ’ असा शब्दप्रयोग करणे एकांगी आहे.

माझी मुलगी ब्राझीलमध्ये असताना तिच्या एका मैत्रिणीच्या ओळखीने आम्ही साल्वादोरच्या एका तेरेइरोमध्ये सार्वजनिक विधीला गेलो. आठवडाभर आधी विचारणा झाली होती. फिकट रंगाचे, गुडघ्याखाली येणारे कपडे घाला, काळे नको, फोन पिशवीतच राहू द्या, असा निरोप आला. आत पुरुषांची बाके एका बाजूला, बायकांची दुसऱ्या बाजूला होती. जमिनीवर ताजी पाने पसरली होती आणि छताला पांढऱ्या कागदी पताका होत्या. रुम, रुम्पी आणि ले हे तीन ढोल सुरू झाले, स्त्रिया गोल धरून नाचू लागल्या, आणि रात्र चढली तसे एकेकीच्या अंगात येऊ लागले. जिच्या अंगात आले तिला हात धरून आत नेत आणि ती त्या देवतेच्या पूर्ण पोशाखात बाहेर येई. आपल्याकडे देवीच्या जागराला अंगात आलेल्या बाईच्या तोंडासमोर कोणी परक्याने मोबाइल धरला, तर घरची माणसे त्याला क्षणभरही तिथे उभे राहू देणार नाहीत. तिथेही तसेच आहे. शेवटी सगळ्यांना जेवण वाढले. आमच्याकडून कोणी तिकीट घेतले नाही; निघताना देणगीच्या पेटीत काही टाकायचे तर टाका, असे सांगितले. त्या जेवणात आकाराझे होते, म्हणजे चवळी भिजवून, सोलून, वाटून पाम तेलात तळलेले मोठे वडे. लागोसच्या रस्त्यावर सकाळी हाच पदार्थ मिळतो आणि तिथे त्याला आकारा म्हणतात. गुलामांच्या जहाजांतून समुद्र ओलांडून गेलेला तो घास दोन्ही काठांवर जवळजवळ एकाच चवीचा लागतो, हे मला त्या दिवशी इतके हलवून गेले की मी नीट जेवू शकले नाही.

पाहुण्यांना कसे वागवावे हे ही घरे जाणतात आणि काळाप्रमाणे बदलतातही. दरवर्षी २ फेब्रुवारीला साल्वादोरच्या रिओ व्हेर्मेल्यो किनाऱ्यावरून येमांझासाठी, म्हणजे योरुबांच्या येमोजासाठी, फुले, अत्तर, आरसे, कंगवे यांच्या टोपल्या होड्यांतून समुद्रात नेल्या जातात. लाखो माणसे जमतात आणि प्लास्टिकचा कचराही होतो. मैंय स्टेला यांनी आपल्या उतारवयात जाहीर केले की आपले घर यापुढे समुद्रात वस्तू सोडणार नाही, येमांझाला गाणी वाहील. हा निर्णय कोण्या सरकारी खात्याने लादला नव्हता. तो त्या परंपरेच्या अधिकारी स्त्रीने घेतला. पर्यटकांसाठीच्या माहितीत अशा गोष्टी आल्या पाहिजेत, म्हणजे जाणाऱ्याला टोपलीत काय ठेवावे हे तरी कळेल.

क्युबाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिथे पैशांची निकड खरी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर देश उपासमारीच्या टोकाला पोहोचला. १९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आस्तिकांना सभासदत्व खुले केले आणि १९९२ मध्ये राज्यघटनेतून निरीश्वरवाद गेला. धर्म उघड झाला आणि त्याच वेळी परदेशी चलनाची गरज पराकोटीला गेली. तेव्हापासून दीक्षेसाठी येणाऱ्या परदेशी माणसांचा एक बाजारच हवाना आणि मातान्सासमध्ये तयार झाला आहे. विधीसाठी दक्षिणा घेणे या परंपरेत गैर नाही. ते पूर्वापार आहे आणि पुजाऱ्यालाही घर चालवायचे असते. परंतु परदेशी माणूस डॉलर मोजतो म्हणून बोकड, कापड, माळा, भांडी, सगळ्यांचेच भाव चढतात आणि वर्षानुवर्षे पैसे साठवणाऱ्या गल्लीतल्या बाईची दीक्षा आणखी लांबते. हे नुकसान तिला सोसावे लागते. सहल कंपनीच्या हिशोबात ते कुठेच येत नाही.

शिवाय दीक्षा म्हणजे काय, हे जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का, अशी मला शंका येते. क्युबातील ओचाच्या दीक्षेत माणूस सात दिवस गुरूच्या घरात राहतो, तिसऱ्या दिवशी कवड्यांनी त्याचे भवितव्य आणि त्याची आयुष्यभराची पथ्ये सांगितली जातात. तिथून पुढे पूर्ण वर्षभर त्याला इयावो म्हणतात. त्याने वर्षभर पांढरेच कपडे घालायचे, डोके झाकायचे, पहिले काही महिने आरशात पाहायचे नाही, चटईवर बसून स्वतःच्या ताटात जेवायचे, रात्री-अपरात्री बाहेर राहायचे नाही. या सगळ्यात गुरू, गुरुबंधू आणि सगळे देवघर त्याच्या पाठीशी असते, कारण दीक्षेने तो त्या घराचा मुलगा किंवा मुलगी होतो. दहा दिवसांच्या सहलीत आलेल्या माणसाचे उरलेले वर्ष कोण सांभाळणार? इफाच्या, म्हणजे कौल पाहण्याच्या परंपरेच्या, पुजाऱ्याची, बाबालावोची, विद्या तर त्याहून कष्टाची. सोळा पामबियांनी किंवा साखळीने कौल पाहिला जातो, त्याचे २५६ अध्याय आहेत आणि प्रत्येकाखाली कित्येक कवने पाठ असावी लागतात. शिष्य लहानपणापासून गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून ती शिकतो. इफाच्या या परंपरेलाही युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. कोणाला खरोखरच ओढ लागली असेल तर त्याने जरूर जावे, तिथे राहावे, शिकावे. त्या लोकांनी परक्यांना आपल्यात घेतलेले आहे. फ्रेंच छायाचित्रकार पियेर व्हेर्जे १९४६ मध्ये साल्वादोरला आले, पुढे बेनिनमध्ये बाबालावो झाले आणि मरेपर्यंत त्या लोकांतच राहिले. पण ती वाट सहल कंपनीच्या कार्यालयातून जात नाही.

ज्यांना केवळ पाहायचे आहे, त्यांच्यासाठी पुष्कळ काही खुले आहे आणि त्यात कमीपणा नाही. हवानाच्या प्रादो रस्त्यावर योरुबा सांस्कृतिक संघटनेने उभारलेले ओरिशांच्या मूर्तींचे संग्रहालय आहे. हामेल गल्लीत रंगवलेल्या भिंतींमध्ये रविवारी रुम्बा चालतो. १९६२ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लोकनृत्य पथक रंगमंचावर ओरिशांची नृत्ये सादर करते. साल्वादोरला जानेवारीत बोंफिमच्या चर्चच्या पायऱ्या सुगंधी पाण्याने धुण्याचा सोहळा असतो. ओशोग्बोची देवराई वर्षभर तिकीट काढून पाहता येते आणि वेंगर यांच्या मूर्तींसमोर हवा तितका वेळ उभे राहता येते. सहल कंपन्यांनी एवढेच दाखवले आणि ज्यांचे ढोल, ज्यांची नृत्ये, ज्यांची राई आहे त्यांच्यापर्यंत पैसे पोहोचवले, तर माझी काहीच तक्रार नाही.

आपल्याला माझी विनंती अशी की संकेतस्थळावर अजून असलेल्या लेखातून ‘काळी जादू’ हे शब्द आणि त्या दीक्षित मुलीचे छायाचित्र काढावे, आणि ज्या जाहिरातीत दीक्षा ही विक्रीची वस्तू म्हणून दिली जाते ती स्वीकारताना संबंधित देवघराची लेखी संमती आहे का, एवढे कंपनीला विचारावे. आणि ऑगस्टच्या उत्सवाआधी ओशोग्बोविषयी पुन्हा काही छापणार असाल, तर ओशुनच्या पाण्याची त्या महिन्यातली स्थिती आणि वरच्या अंगाच्या खाणकामाविषयी तिथल्या पुजारिणी काय म्हणत आहेत, हे त्या लेखात असावे. लागोसमध्ये आजही अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या प्रतिनिधीला ओशोग्बोपर्यंत नक्की घेऊन जाईल, आणि माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकांशी बोलणे करून द्यायचे असल्यास मी तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे